पळपुट्याची गस्त

लोक कुत्र्याला फिरवायला नेतात. दुसरा कुत्रा दिसला की थयथयाट करणारं जनावर ज्याच्या घरी आहे, तो गस्तीला निघतो. वळणाआधी मान लांब करून डोकावायचं, उभ्या गाड्यांखालून पलीकडे चार पाय दिसतात का ते वाकून बघायचं. बघणाऱ्याला वाटतं, याचं काहीतरी हरवलंय.

पहिली चूक माझ्याच हाताची असते. लांबवर कुत्रा दिसला की हात आपोआप लीश आखडतो. आमच्या वीराला अजून काही दिसलेलंही नसतं; पण मानेला ताण बसताच त्याला कळतं, मामला गंभीर आहे. त्यावर मी ‘गप! गप!’ ओरडलो की तो खूश. मालकही भुंकायला लागले!

म्हणून लीश दोनेक मीटरची, झोल असलेली; आपोआप लांबणारी नकोच, ती कायम ताणलेलीच असते. कडी हार्नेसच्या, म्हणजे अंगाभोवतीच्या पट्ट्याच्या, छातीवर.

खरं औषध म्हणजे अंतर. समजा, ३० मीटरवर तो नुसता बघतो, १५ वर तोंड मिटतं, कान पुढे, अंग लाकूड. १० वर तमाशा. शिकवणी ३० वरच घ्यायची. त्याने बघितलं की सेकंदाभरात वाटाण्याएवढा खाऊ, भुंकायच्या आत. पुन्हा बघितलं, पुन्हा खाऊ. असं बरेच दिवस केलं की कुत्रा दिसताच तो वसुलीला आल्यासारखा आपल्याकडे बघतो. एरवी जीव टाकतो तो खाऊ नाकाशी धरूनही घेत नसेल, तर ते नखरे नव्हेत. आपण फार जवळ आलोय.

मग पळ काढायचा. ‘चल’ म्हणताच गर्रकन मागे वळणं आधी घरात घोटून घ्या, नाहीतर ऐन वेळी त्या शब्दाला काडीची किंमत नसते. धपाटा घालू नका. त्याने आवाज बंद होईल, भीती जाणार नाही. आणि पुढच्या वेळी तो न गुरगुरताच चावू शकतो. तमाशा झालाच, तर दुसऱ्या दिवशी फिरणं रद्द, गवतात खाऊ विखरून नुसतं हुंगू द्यायचं. गुणी कुत्रा अचानक असा वागू लागला तर आधी पशुवैद्य. कधी कधी दुखणं असतं.

एवढं सगळं जमवल्यावर समोरून मोकळा कुत्रा धावत येतो आणि मागून आरोळी, ‘आमचा काही करत नाही हो! शेपूट हलवतोय बघा!’ शेपूट उंच, ताठ, झपझप हलणारी. ती मैत्रीची नव्हे. अशा वेळी दोन्ही कुत्र्यांपेक्षा मोठ्याने ओरडायचं, ‘आमचा करतो!’ आणि मूठभर खाऊ येणाऱ्याच्या पुढ्यात फेकून उलट्या दिशेने सुटायचं.