‘घरबसल्या शहाणपण’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

‘पेशंटला शिकवायचं तर त्याच्या हाताकडे बघायला आधी डॉक्टरांना शिकवा’ असं सांगणाऱ्या, मधुमेहावरच्या माझ्या मागच्या लेखाखाली ‘साधा गोंयकार’ या नावाने एक लांबलचक प्रतिक्रिया आली आहे. तिचा गोषवारा असा: आकडा चुकला आहे, ओपीडीत डॉक्टरांना वेळ नसतो, पेशंट पथ्य पाळत नाहीत, औषधं महागली आहेत, आणि “स्वतः डॉक्टर नसताना घरबसल्या डॉक्टरांना शहाणपण शिकवू नये.”

आधी आकडा. ‘गोव्यात दर चौथ्या माणसाला मधुमेह’ असं मी लिहिलं होतं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहाच्या देशव्यापी पाहणीतले ते २६.४ टक्के वीस वर्षांच्या पुढच्यांचे आहेत, पोरंटोरं त्यात नाहीत. चूक माझी, दुरुस्त केली. देशाचा आकडा ११.४ आणि यादीत आपण पहिले, हे मात्र तसंच राहतं.

आता ते ‘घरबसल्या’. अहो, घरी बसायला मिळालं असतं तर हवंच होतं. आईला घेऊन डिचोली ते पणजी कदंबा बसच्या किती खेपा केल्या, ते मला ठाऊक आहे.

आईला कुपीतलं इन्सुलिन सुरू झालं, चाळीस युनिटवालं, म्हणजे एका मिलीत चाळीस युनिट. त्याला लाल टोपणाची सिरिंज लागते. एकदा लाल संपल्या म्हणून फार्मसीवाल्याने नारिंगी टोपणाच्या दिल्या, एका मिलीत शंभर युनिट असलेल्या इन्सुलिनसाठीच्या. मीही मुकाट्याने आणल्या, सुई ती सुई! आई रोज नेमाने वीसच्या रेघेपर्यंत ओढायची. त्या सिरिंजमध्ये वीसची रेघ म्हणजे ०.२ मिली, म्हणजे आमच्या कुपीतले जेमतेम आठ युनिट. शुगर साडेतीनशेच्या खाली येईना. डॉक्टरांनी विचारलं काय? पेज किती जेवता, पाव किती खाता, चवथीच्या नेवऱ्या संपल्या की नाही. आणि डोस वाढवला. दोनदा. ‘पेशंट पथ्य पाळत नाहीत’ हे तुमचं वाक्य आम्ही तिथे दोन्ही खेपांना ऐकलं. आई बिचारी अर्ध्या वाटी पेजेवर आली होती.

तिसऱ्या खेपेला बदलीवर एक तरुण डॉक्टर होती. ती म्हणाली, “आजी, रोज कशें घेतात तें मात्शें दाखयात.” आईने पिशवीतून सिरिंज काढली. टोपण नारिंगी. बाईंनी लाल सिरिंजच वापरायला सांगून तिथल्या तिथे डोस पुन्हा मूळच्या वीसवर आणला, कारण वाढवलेला डोस लाल सिरिंजने गेला असता तर शुगर एकदम उतरून आई घामाघूम होऊन कोसळली असती.

तेव्हा शहाणपण शिकवलं ते त्या डॉक्टरने, मी फक्त लिहून काढलं. पेशंटला शिकवायचं तर त्याच्या हाताकडे बघायला आधी डॉक्टरांना शिकवा, एवढंच लेखात होतं. तुम्ही तो शेवटपर्यंत वाचलात की मथळ्यावरच तापलात, देव जाणे.

वेळ नसतो म्हणता. नसेल. सिरिंज दाखवायला एक मिनिट लागलं. औषधांच्या किमतींवर पुन्हा कधीतरी.

आणि टोपणनावाआडून फर्मानं काढताना आपण स्वतः डॉक्टर आहात की नाही, एवढं तरी सांगायचं होतं. असाल, तर गेल्या आठवड्यात किती पेशंटांची सिरिंज हातात घेऊन पाहिलीत, ते खाली लिहा.