पोरानं टाकलेली गाडी बापाला देऊ नका

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यात कोणत्याही गावात जा. साठीच्या पुढच्या माणसाजवळ जी मोटारसायकल दिसते, ती बहुतेक वेळा त्यानं स्वतः पसंत केलेली नसते. पोरानं नवी घेतली, जुनी बापाकडे आली. शोरूममध्ये जुन्या गाडीचे पैसे कमी सांगितले, मग घरी ठरतं, "राहू द्या बाबाले वावरात जायले." ती गाडी कशी असते? मागची सीट उंच, हँडल खाली, वजन दीडशे किलोच्या आसपास. कॉलेजच्या पोरासाठी बनवलेली गाडी गुडघे दुखणाऱ्या माणसाच्या हातात जाते. मला हे अजिबात पटत नाही. बरेच दिवस मनात होतं, आज लिहून टाकतो.

काही जण म्हणतील, त्या वयात गाडी चालवावीच कशाला? नागपूर-पुण्यात बसून हे म्हणता येतं. इथं वावर गावापासून चार-पाच किलोमीटर. सकाळची एसटी गेली की दुसरीचा भरवसा नाही. बँक तालुक्याला, कृषी केंद्र तालुक्याला, दवाखाना तालुक्याला. माझ्या पाहण्यातली गोष्ट सांगतो: ज्या माणसाची गाडी सुटली, त्याचं वावर सुटलं, आणि वावर सुटलं की माणूस दोन वर्षांत खचतो. म्हणून गाडी सोडा असं मी कोणाला सांगत नाही. शरीराला झेपेल अशी घ्या, एवढंच सांगतो.

आपल्याकडे गाडी घेताना पहिला प्रश्न असतो, "ॲव्हरेज किती देते?" पन्नाशीनंतर पहिला प्रश्न वेगळा पाहिजे. गाडी उभी असताना मला सांभाळते का? आमच्याकडची म्हातारी माणसं चालत्या गाडीवरून जेवढी पडली, त्यापेक्षा जास्त उभ्या गाडीवरून पडली. कोणी स्टँड काढताना, कोणी गाडी मागे ढकलताना, कोणी पाय टाकताना.

पावसाळ्यात काळ्या मातीत साईड स्टँड रुततं. आम्ही सगळेच त्याखाली एखादा चपटा दगड नाहीतर लाकडाचा तुकडा ठेवतो. आता मागच्या सीटवर युरियाची ४५ किलोची बॅग बांधलेली आहे असं समजा. बॅग उंच, त्यामुळे पाय मागून जात नाही, सीट आणि टाकीच्या मधून समोरूनच काढावा लागतो. एक पाय हवेत, कंबर वळलेली, सगळा भार दुसऱ्या गुडघ्यावर, आणि खाली चिखल. दगड सरकला की गाडी कलते. पंचविशीचा पोरगा पाय रोवून तिला धरतो. पासष्टीच्या माणसाचं मन धरायला जातं, गुडघा साथ देत नाही. मग खुब्याचं हाड, ऑपरेशन, सहा महिने खाट. त्यात वजन दीडशे किलो असेल तर पडलेली गाडी एकट्याने उचलणंही होत नाही, आणि पांदणीवर, म्हणजे वावराच्या कच्च्या वाटेवर, दुपारी हाक मारायला कोणी नसतं.

म्हणून वजनाकडे नीट बघा. स्प्लेंडर ११२ किलोच्या आसपास भरते. होंडाची शाइन १०० ही २०२३ मध्ये आली, ती ९९ किलोची आहे. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. गाडी मागे ओढून उतारावरून वळवायची वेळ आली की तो मनगटांना आणि कंबरेला कळतो. बुलेट १९५ किलोची. सीटची उंचीही विचारा. ७८५ मिलिमीटरच्या आसपास असली तर मध्यम उंचीच्या माणसाचे दोन्ही तळपाय जमिनीला टेकतात. ८०५-८१० झाली की आखूड पायाच्या माणसाला बोटांवर उभं राहावं लागतं. आमच्या रस्त्यांवर बोटांवर उभं राहून गाडी सांभाळणं म्हणजे पडण्याची तयारीच.

गिअरबद्दल तर कोणी बोलतच नाही, आणि मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली, १९९४ मध्ये स्प्लेंडर. आमच्या पिढीचा पाय या गाड्यांवर तयार झाला. चारही गिअर पुढे दाबून पडतात, कमी करायला टाच मारायची. पोरांच्या दीडशे सीसीच्या गाडीत पहिला खाली आणि बाकीचे वर उचलायचे. टाचेकडची दांडीही बऱ्याच गाड्यांना नसते, पायात चप्पल असली की अंगठ्यानं उचलत बसा. रोजच्या रस्त्यावर माणूस शिकून घेतो. पण समोर अचानक बैलबंडी आली की डोकं विचार करत नाही, पाय जुन्या सवयीनंच चालतो. गिअर कमी करायला गेलेला माणूस नेमक्या त्याच क्षणी उलटा गिअर टाकतो. तीस-चाळीस वर्षांची सवय मोडायला लावणारी गाडी बापाला देऊ नका, मग ती कितीही चांगल्या कंपनीची असो.

ब्रेकचंही तसंच. १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून कॉम्बी ब्रेक किंवा एबीएस (जोरात दाबला तरी चाक जाम होऊ न देणारा ब्रेक) सक्तीचा झाला. कॉम्बी ब्रेकच्या मोटारसायकलीत पायाचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. आमच्याकडे हाताच्या ब्रेकला बरेच जण हातच लावत नाहीत, त्यांच्यासाठी ही मोठी सोय आहे. पोराची त्याआधीची जुनी गाडी असेल तर ती बहुधा यातली नसते. आणि शुगर जुनी असेल तर तळपाय बधिर होतात, ब्रेक किती दाबला गेला ते कळत नाही. अशा माणसाला हाताचे ब्रेक असलेली गाडीच बरी.

इथे मी टीव्हीएसच्या एक्सएल मोपेडचं नाव घेतो. तिला गरिबाची गाडी म्हणून नाक मुरडणारे खूप आहेत. पण पाहा: वजन नव्वदच्या आत, क्लच नाही, गिअर नाही, चाकं १६ इंची म्हणजे स्कूटरपेक्षा मोठी, पाय समोरून सहज निघतो, मागची सीट काढली की बॅग बसते, पुढच्या मोकळ्या जागेत फवारणीचा पंप राहतो. वेग नाही, पण पांदणीवर वेग हवा कोणाला? चाळीस वर्षे मोटारसायकल चालवलेला माणूस एक्सएलवर बसला म्हणजे त्याची पत गेली असं मानणं सोडून द्या. उलट तो पंचाहत्तरीपर्यंत स्वतःच्या वावरात जाईल.

स्कूटर डांबरी रस्त्याला उत्तम. बाई मागे बसणार असेल, बाजारहाट करायचा असेल तर तिच्यासारखी सोय नाही. पण मागचं चाक बऱ्याच स्कूटरचं १० इंची. खड्ड्यात ते पूर्ण उतरतं आणि हादरा थेट मणक्यात जातो. आणि काळी माती मडगार्डात भरली की चाक जाम, मग काडीनं चिखल खरवडत बसावं लागतं. गावातून वावरात जाणाऱ्यानं ती घेऊ नये. इलेक्ट्रिक गाडीही सध्या घरची लाइन भरवशाची असेल तरच घ्या.

आणि रात्र. कृषी पंपाची लाइन आठवड्यातून काही दिवस रात्रीच येते, हरभरा-गव्हाला पाणी द्यायला जावंच लागतं. साठीनंतर डोळ्यात उजेड कमी जातो, आणि समोरच्या गाडीच्या पांढऱ्या लाइटनं डोळे दिपले की सावरायला जास्त वेळ लागतो. मोतीबिंदू असेल तर विचारायलाच नको. साठच्या वेगानं गाडी एका सेकंदात साडेसोळा मीटर पुढे जाते, चाळीसनं अकरा. रस्त्यात रोही (नीलगाय) उभा राहिला, दोन क्विंटलचं जनावर, तर हा साडेपाच मीटरचा फरक जीव वाचवतो. रानडुकरांचा कळप तर आवाजही न करता कपाशीतून बाहेर येतो. चाळिशीनंतर लायसन्सला डॉक्टरांचा फॉर्म १-अ लागतो, पंचावन्ननंतर नूतनीकरण पाच-पाच वर्षांचंच होतं. तो फॉर्म कोणाकडून तरी सही करून आणू नका. त्या निमित्तानं डोळे खरोखर तपासून घ्या. आणि गाडी निवडताना संध्याकाळी तिचा लाइट लावून बघा.

बुलेटची हौस असलेल्या माझ्या वयाच्या मित्रांनाही सांगतो, हौस वाईट नाही. आयुष्य कापूस-तुरीत घातलं, पोरं मार्गी लागली, आता घ्यावी वाटली तर जरूर घ्या. यवतमाळला जा, कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला जा. पण त्यावर युरियाची बॅग बांधून पांदणीत शिरू नका. वावरासाठी दुसरी हलकी गाडी ठेवा. ऐपत एकाच गाडीची असेल तर हलकीच घ्या.

आता पोरांना सांगतो. बापाला सोबत घेऊन शोरूममध्ये जा. फोटो पाठवून "बाबा, ही चालते का?" असं विचारू नका. त्याला "अरे, कशाला खर्च, मले जुनीच बरी" हेच म्हणायचं असतं. रोजची चप्पल पायात असतानाच त्याला गाडीवर बसवा. मेन स्टँडवर गाडी स्वतः चढवू द्या, उतरवू द्या. इंजिन बंद करून दहा पावलं मागे ढकलायला लावा. डावीकडे-उजवीकडे मान वळवून आरशात मागचं दिसतं का ते विचारा, मान आखडलेल्या माणसाला आरसाच मोठा लागतो. किक आहे का ते बघा, बॅटरी बसली तर वावरात सेल्फ काय कामाची? टायर ट्यूबलेस घ्या, पंक्चर झालं तर निदान गावापर्यंत हवा पुरते. मागे आईला बसवा, लुगड्यात एका बाजूला बसल्यावर तोल कसा जातो ते तिथेच कळू द्या. आणि हे सगळं होईपर्यंत सेल्समनला थोडं बाजूला उभं राहायला सांगा, तो हप्त्याचंच बोलत राहतो.

दसऱ्याच्या दिवशी हे काहीच नीट होत नाही. हार-नारळाची गर्दी असते, ट्रायलला गाडी मिळत नाही, मिळाली तरी एक चक्कर मारून परत मागतात. आठ दिवस आधी जा, सकाळी शोरूम उघडल्याबरोबर जा. पसंत पडली की बुकिंग करा, गाडी मुहूर्तावर घरी आणा.