बाटली फिरवा आणि मागची बाजू वाचा

मैत्रिणींनो, आजची पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. बरेच दिवस मनात होतं, आज एकदाचं लिहून काढतेय.

माझ्या कपाटात महागड्या वस्तू जवळपास नाहीत, आणि त्याचं कारण फक्त काटकसर नाही. त्वचा, केस आणि घर यांसाठी ज्या वस्तू खरंच काम करतात, त्यातल्या बहुतेक साध्या, जुन्या आणि स्वस्त आहेत, असं माझं ठाम मत आहे. आपले पैसे जातात ते सुवासाला, रंगाला, जड काचेच्या बरणीला आणि जाहिरातीला. काम करणारा घटक मागच्या बाजूला बारीक अक्षरांत असतो आणि महागड्या डबीत आणि स्वस्त डबीत तो पुष्कळदा एकच असतो.

म्हणून पहिली सवय ही लावून घ्या: काहीही विकत घेण्याआधी बाटली फिरवायची. सौंदर्यप्रसाधनांवर घटकांची यादी प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहितात. जे सर्वात जास्त, ते पहिलं. १ टक्क्याहून कमी असलेले घटक मात्र शेवटी कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. त्यामुळे पुढे मोठ्या अक्षरांत एखाद्या दुर्मिळ फुलाचा अर्क आणि मागे तोच अर्क सुगंध आणि रंग यांच्याही नंतर दिसला, तर त्या फुलाचे पैसे देऊ नका. मागेच उघड्या डबीचं एक छोटं चित्र असतं, त्यात ६एम किंवा १२एम असं लिहिलेलं असतं. डबी उघडल्यावर किती महिने वापरायची ते त्यावरून कळतं. मी उघडल्याची तारीख पेनाने डबीच्या बुडावर लिहून ठेवते.

आता आवडत्या वस्तूंकडे येते. पहिला मान पेट्रोलियम जेलीचा.

रॉबर्ट चेसब्रो नावाच्या अमेरिकन रसायनतज्ज्ञाने १८७२ साली तिचं पेटंट घेतलं. तेलविहिरींच्या यंत्रांवर साचणारा मेणासारखा थर तिथले कामगार भाजलेल्या-कापलेल्या जागी लावत, ते पाहून त्याला ही गोष्ट सुचली. आज इतक्या वर्षांनंतरही त्वचेतलं पाणी उडून जाऊ न देण्यात तिची बरोबरी करणारं फार थोडं काही आहे. पण एक गोष्ट नीट समजून घ्या. ती स्वतः ओलावा देत नाही, असलेला ओलावा अडवून धरते. कोरड्या टाचेवर कोरडीच चोपडली तर फक्त चिकट टाच मिळते. पाय धुवा, टॉवेलने नुसतं टिपून घ्या, टाच अजून दमट असतानाच वाटाण्याएवढी जेली दोन्ही तळव्यांत चोळून पातळ करा आणि भेगांच्या दिशेने दाबत लावा. वर सुती मोजे घालून झोपा. टाच फारच जाड आणि कडक झाली असेल तर आधी १० टक्के युरिया असलेलं क्रीम, त्यावर जेली. युरिया मेलेल्या त्वचेचा थर मऊ करतो. मात्र उघड्या, रक्त येणाऱ्या भेगेवर ते झोंबतं, तिथे नुसती जेलीच बरी. ओठ, कोपरं, नखांच्या कडेची सालपटं, नवीन चपलेने घासली जाणारी जागा, केसांना रंग लावताना कपाळाची कड, सगळीकडे ही एकच डबी चालते. बिनवासाची घ्या. ओठांना वासाच्या आणि थंडगार लागणाऱ्या बामने काहींची जळजळ वाढते आणि मग पुन्हा पुन्हा तेच लावावंसं वाटतं.

तिची जोडीदार म्हणजे ग्लिसरीन. ग्लिसरीन पाणी ओढून धरतं. मी ते नुसतं कधीच लावत नाही, ओल्या हातांवर दोन थेंब घेऊन पसरवते आणि मग वर साधं क्रीम. महागड्या मॉइश्चरायझरच्या यादीत पाण्यानंतर दुसरं किंवा तिसरं नाव बहुतेकदा ग्लिसरीनचंच असतं, हे एकदा स्वतः तपासून पाहा.

चेहरा धुण्याबद्दल फार लिहीत नाही. साध्या साबणाचा पीएच (आम्ल-अल्कलीचं माप; ७ च्या खाली आम्ल, वर अल्कली) ९ ते १०, आपल्या त्वचेचा ५ च्या आसपास. तोंड धुतल्यावर त्वचा ताणल्यासारखी वाटत असेल तर साबण बदला, सौम्य फेसवॉश किंवा सिंडेट बार (साबणासारखी दिसणारी, पण साबण नसलेली सौम्य वडी) घ्या. फेसवॉश काही सेकंद चेहऱ्यावर राहतो आणि वाहून जातो, त्यात महागडं सीरम घातलंय म्हणून जास्त पैसे मोजण्यात अर्थ नाही.

पैसे खर्चच करायचे असतील तर ते सनस्क्रीनवर करा. तिथेही महाग म्हणजे चांगलं असं समीकरण नाही. एसपीएफ हा ट्यूबवरचा आकडा यूव्हीबी, म्हणजे त्वचा भाजणाऱ्या किरणांपासूनचं संरक्षण सांगतो. एसपीएफ ३० साधारण ९७ टक्के यूव्हीबी किरण अडवतं आणि एसपीएफ ५० साधारण ९८ टक्के. फरक पडतो तो लावण्याच्या प्रमाणाने. प्रयोगशाळेत हे आकडे काढताना त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम थर देतात, आणि आपण त्याच्या निम्माही लावत नाही. चेहरा आणि मान मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं लावा, बाहेर असाल तर दर दोन तासांनी पुन्हा. महागडी छोटी ट्यूब जपून जपून लावण्यापेक्षा परवडणारी मोठी ट्यूब सढळ हाताने वापरणारी बाई उन्हापासून जास्त सुरक्षित असते. उन्हातल्या दुसऱ्या प्रकारच्या, त्वचेत खोल जाणाऱ्या यूव्हीए किरणांपासूनही संरक्षण आहे ना, तेवढं ट्यूबवर बघून घ्या.

मुरमांसाठी बेन्झॉइल पेरॉक्साइड. सगळ्यात जास्त टक्केवारीचं घेण्याचा मोह टाळा. सुजलेल्या मुरमांवर २.५ टक्क्यांचं जेल १० टक्क्यांइतकंच काम करतं आणि त्वचा कमी सोलते, हे अभ्यासात दिसलं आहे. फक्त रंगीत टॉवेल आणि उशीचे अभ्रे सांभाळा, ते त्यांचा रंग घालवतं. आणि कृपा करून चेहऱ्यावर लिंबू चोळू नका! लिंबाच्या, विशेषतः सालीच्या, रसात असे घटक असतात की तो त्वचेवर असताना ऊन लागलं तर फोड येतात आणि मागे काळे डाग राहतात. घरगुती आहे म्हणून निर्धोक असतंच असं नाही.

केसांसाठी खोबरेल तेल. इथे आजीच्या सल्ल्याला प्रयोगशाळेचाही दुजोरा आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलाची तुलना झाली, आणि केसांतलं प्रथिन धुपून जाणं कमी केलं ते फक्त खोबरेलाने. त्यातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरू शकतं. म्हणून ते धुण्याआधी लावायचं. ज्यांना कोंड्याचा त्रास आहे त्यांनी मुळांशी न लावता केसांच्या लांबीवरच लावावं.

आता ज्या गोष्टीने माझा खरंच संताप होतो ती सांगते. रेझर. तेच पातं, तीच मूठ, फक्त रंग गुलाबी आणि पाकिटावर फूल, की किंमत वर. हा माझा भ्रम नाही. न्यूयॉर्क शहराच्या ग्राहक विभागाने २०१५ साली जवळपास ८०० वस्तूंची तुलना केली, तेव्हा बायकांसाठीच्या वस्तू सरासरी ७ टक्के महाग निघाल्या आणि त्यातही शरीराच्या निगेच्या वस्तू १३ टक्के. आपल्याकडून आयुष्यभर हा जादा पैसा घेतला जातो आणि त्याबदल्यात मिळतो फक्त रंग. मी पुरुषांच्या खणातला साधा रेझर घेते. शेव्हिंग फोमऐवजी केसांचा कंडिशनर पायांना लावते, पातं छान सरकतं आणि त्वचा मऊ राहते. कंडिशनर पातळ लावा आणि मधूनमधून पातं धुवा, नाहीतर ते बुजतं.

घराच्या वस्तूंमध्ये माझी लाडकी म्हणजे सायट्रिक आम्लाची पावडर. किटलीच्या तळाशी, नळाच्या तोंडाशी, शॉवरच्या भोकांत जो पांढरा कडक थर बसतो तो मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट असतो. तो साबणाने घासून हात दुखतील पण जाणार नाही, कारण त्याला आम्लच लागतं. किटलीत पाणी उकळायचं, बटण बंद करायचं, चमचाभर पावडर टाकायची. लगेच बारीक बुडबुडे येऊ लागतात, थराचे पापुद्रे सुटून वर तरंगतात आणि थोड्या वेळाने तळाचा धातू पुन्हा दिसायला लागतो. दोनदा स्वच्छ पाण्याने धुतलं की झालं. संगमरवरावर मात्र चुकूनही वापरू नका. तो दगडही कॅल्शियम कार्बोनेटचाच, आम्लाने त्याची चमक कायमची जाते.

खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतून फसफस दाखवणारे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले असतील. आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारतात, कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि उरतं जवळपास खारट पाणी. दोन्ही वस्तू कामाच्या आहेत, पण वेगवेगळ्या. सोडा ओलसर करून घासायला, व्हिनेगर पांढऱ्या थराला.

पण हे मिसळणं निदान निरुपद्रवी तरी आहे. ब्लीचचं तसं नाही. ब्लीच स्वस्त आहे, जंतू मारण्यात उत्तम आहे, माझ्या घरात असतंच. ते टॉयलेट क्लीनरसारख्या आम्लाबरोबर मिसळलं तर क्लोरीन वायू तयार होतो आणि अमोनिया असलेल्या क्लीनरबरोबर क्लोरामाइन. दोन्ही विषारी. बंद बाथरूममध्ये, वाकून, तोंड जवळ नेऊन घासणारी बहुतेक वेळा आपणच असतो, म्हणून हे आपल्याला पाठ हवं. एका वेळी एकच क्लीनर, तो पूर्ण धुऊन टाकल्याशिवाय दुसरा नाही, आणि खिडकी उघडी. ब्लीच नेहमी पाण्यात पातळ करून, त्या दिवसापुरतंच करा. पातळ केलेलं लवकर निकामी होतं.

कपड्यांवरच्या रक्ताच्या डागांबद्दल मुलींना कुणी नीट सांगत नाही, म्हणून सांगते. गरम पाणी अजिबात नको. उष्णतेने रक्तातलं प्रथिन घट्ट होऊन धाग्यात बसतं. गार पाण्याखाली कापडाच्या उलट बाजूने धार सोडा, म्हणजे डाग आला त्याच वाटेने बाहेर ढकलला जातो. मग एन्झाइम असलेली साधी डिटर्जंट पावडर कोमट पाण्यात कालवून तासभर भिजवा. पाकिटामागे प्रोटीएज हा शब्द शोधा, प्रथिनाचे तुकडे करणारा घटक तो. रेशीम आणि लोकर प्रथिनाचीच असतात, त्यांना हे लावू नका. खास डागांसाठीच्या महागड्या बाटलीत बहुधा हेच असतं.

फॅब्रिक सॉफ्टनर मी टॉवेलांना लावत नाही. तो धाग्यांवर एक लेप चढवतो, टॉवेल हाताला मऊ लागतो आणि पाणी टिपेनासा होतो.

मेन्स्ट्रुअल कपबद्दल, म्हणजे पाळीत योनीमार्गात बसवून रक्त गोळा करणाऱ्या, पुन्हा पुन्हा वापरता येणाऱ्या छोट्या कपाबद्दल लिहिल्याशिवाय ही पोस्ट पुरी होणार नाही. सुरुवातीला एकरकमी पैसे जातात, पण मेडिकल ग्रेड सिलिकॉनचा कप नीट ठेवला तर १० वर्षांपर्यंत टिकू शकतो. २०१९ साली ४३ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, त्यात कपमधून गळती पॅड-टॅम्पॉनइतकीच किंवा त्याहून कमी आढळली. पहिल्या एक-दोन पाळ्या सवय व्हायला लागतात, घाई करू नका. काढताना नुसती दांडी ओढू नका, बूड चिमटीत दाबून आतली हवेची पकड सोडवा आणि मग खाली घ्या. कॉपर टी किंवा तशी आययूडी (गर्भाशयात बसवायचं गर्भनिरोधक साधन) बसवलेली असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, कारण कप काढताना ती सरकू शकते.

आणि एक स्वस्त वस्तू जी कुणीही घेऊ नये: झटपट गोरं करणारं, घटकांची यादीच नसलेलं क्रीम. अशा क्रीमांमध्ये अनेकदा पारा सापडला आहे. पारा त्वचेतला रंगद्रव्य तयार होण्याचा मार्ग अडवतो म्हणून रंग उजळल्यासारखा वाटतो, पण तो शरीरात शोषला जाऊन मूत्रपिंडांना इजा करतो, आणि क्रीम लावलेल्या हातांमधून घरातल्या लहान मुलांपर्यंतही पोचतो. मिनामाता कराराच्या (पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) सदस्य देशांनी पारा घातलेली सगळी सौंदर्यप्रसाधनं २०२५ पर्यंत बंद करायचं २०२३ साली ठरवलं, तरी यादी नसलेल्या डबीत काय आहे ते कुणालाच कळत नाही. यादी असेल तर कॅलोमेल, मर्क्युरस क्लोराइड, मर्क्युरिक असली पाऱ्याची नावं शोधा. काही क्रीमांत तीव्र स्टेरॉइड असतं. त्याने चेहरा काही आठवडे तुकतुकीत दिसतो, नंतर त्वचा पातळ होते, लाल पडते, केस आणि मुरमं येतात. थांबवलं की लाली एकदम उसळते म्हणून बायका घाबरून पुन्हा तेच लावतात. तुमच्यापैकी कुणी असं क्रीम महिनोन्महिने लावत असेल तर आपल्या मनाने काही करत बसू नका. त्वचारोगतज्ज्ञांकडे जा आणि जाताना ती डबी सोबत न्या.