'ॲम्पियर' फेरी दहा मिनिटांत फुल चार्ज होत नाही

नॉर्वेच्या 'ॲम्पियर' या गाड्या नेणाऱ्या फेरीबोटीबद्दल एक मजकूर बराच फिरतो आहे : 'नोर्लेड या नव्या कंपनीने बॅटरीवरची फेरी काढली, ती दहा मिनिटांत फुल चार्ज होते, गावातल्या साध्या वीजजोडणीवर चालते आणि तिला धोका कसलाच नाही.' फेरी खरी आहे, २०१५ मध्ये ती सोग्नफ्योर्ड या खाडीत लाविक ते ओपेदाल या गावांदरम्यान धावू लागली आणि तिचं यशही मोठं आहे. पण मजकुरातली चारही विधानं चुकीची आहेत.

कंपनीचं फक्त नाव नवं, २०१२चं. मूळ मात्र स्टावांगरच्या १८५५ सालच्या आगबोट कंपनीत आणि हार्डांगर भागात १८८० साली निघालेल्या दुसऱ्या आगबोट कंपनीत आहे. शिवाय ही उडी एकट्या कंपनीची नव्हती. नॉर्वेत फ्योर्डवरची, म्हणजे जमिनीत खोल शिरलेल्या समुद्राच्या खाडीवरची फेरी म्हणजे महामार्गाचाच तुकडा. हा मार्ग चालवण्याचं कंत्राट सरकारी रस्ते विभागाने काढलं, त्यातच प्रदूषण कमी करण्याची अट घातली. दहा वर्षांचं काम हाती होतं, म्हणून महागड्या बॅटरीचा खर्च पेलला. जहाज फ्येलस्ट्रांडच्या गोदीत बांधलं, वीजयंत्रणा सीमेन्सची.

आता दहा मिनिटांचं गणित करू. बॅटरीची क्षमता सुमारे १,०४० युनिट. तेवढी वीज दहा मिनिटांत भरायची तर ६,००० किलोवॅटहून जास्त पुरवठा लागेल; इतका त्या धक्क्यांवर नाही. प्रत्यक्षात ५.७ किलोमीटरच्या एका खेपेला साधारण १५० युनिट लागतात आणि धक्क्यावरच्या दहाएक मिनिटांत जवळजवळ तेवढीच, पण थोडी कमीच भरपाई होते. दिवसाच्या ३४ खेपांमध्ये बॅटरी हळूहळू उतरत जाते आणि पूर्ण चार्जिंग रात्रीच होतं. १२० गाड्या नेऊनही १५० युनिटांत भागतं, कारण सांगाडा हलक्या ॲल्युमिनियमचा, तळ दोन अरुंद भागांचा आणि वेग फक्त १० नॉट (ताशी सुमारे १८.५ किलोमीटर). जुन्या जड लोखंडी बोटीत हीच बॅटरी टाकली तर हिशेब कोलमडेल.

'साधी वीजजोडणी' हे तर उलटंच. दोन्ही गावांची वीजवाहिनी कमजोर आहे. फेरीने एकदम ओढ घेतली तर गावाचा व्होल्टेज पडेल. म्हणून दोन्ही धक्क्यांवर वेगळी बॅटरी ठेवली आहे. फेरी पाण्यात असताना ती सावकाश भरते आणि फेरी लागली की झटकन रिकामी होते. गाड्या चढल्या-उतरल्या की जहाज खाली-वर होतं, त्यात भरती-ओहोटी. प्लग हे सगळं सोसेल असा हवा. जहाज दोरांऐवजी निर्वात पकडीने, म्हणजे हवा शोषून चिकटणाऱ्या पॅडने, धक्क्याला धरलेलं असतं. ती नसती तर पाण्यातले पंखे (प्रोपेलर) चालवत जहाज धक्क्याला रेटून ठेवावं लागलं असतं, म्हणजे भरलेली वीज तिथेच जळाली असती.

आणि धोका? १० ऑक्टोबर २०१९ रोजी नोर्लेडच्याच 'इट्टरोइनिंगेन' या दुसऱ्या फेरीच्या बॅटरी-खोलीत आग लागली. बॅटरी थंड ठेवणारा शीतक द्रव गळल्याचं तपासात पुढे आलं. पण खरा धडा दुसऱ्या दिवशीचा : आग आटोक्यात आल्यासारखी वाटत असताना कोंडलेल्या वायूचा डेकखाली स्फोट झाला. त्यानंतर बॅटरी बनवणाऱ्या कंपनीने सगळ्या जहाजांना कळवलं, की बॅटरीसंच आणि नियंत्रण यंत्रणा यांच्यातला संपर्क तुटलेला असेल तर जहाज हलवू नका.