औषध आधी आले, सिद्धांत मागाहून : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

नैराश्यावरील उपचारांविषयीच्या माझ्या लेखावर आपण जे लिहिले त्याचा आशय असा : सेरोटोनिन या मेंदूतील रसायनाच्या कमतरतेने नैराश्य येते हा सिद्धांत २०२२ मध्ये खोटा ठरला, तेव्हा गोळ्यांना आधारच उरला नाही, खरा उपाय विचार बदलण्याचा, विजेचे झटके म्हणजे छळ, आणि मी ‘औषध कंपन्यांचा भाट’ आहे.

शेवटच्या विधानापासून सुरुवात करतो. लेख शेवटपर्यंत वाचण्याची तसदी आपण घेतली असती, तर गोळ्यांचे दुष्परिणाम आणि त्या एकाएकी बंद केल्यास होणारा त्रास यांवरचा मजकूर आपल्या नजरेस पडला असता. भाट असले काही सांगत नसतात. मतभेदाला माझी हरकत नाही. पण ज्याला कधी पाहिलेही नाही त्याच्या हेतूविषयी इतक्या खात्रीने बोलणे याला मी वाद म्हणत नाही. एक मात्र मान्य करतो : स्वतःविषयी, जगाविषयी आणि भविष्याविषयी माणूस जे काळवंडलेले निष्कर्ष काढत राहतो त्यांवर मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी उभारलेल्या उपचारपद्धतीला मी दिलेल्या ओळी अपुऱ्या होत्या.

आता आपले पहिले वाक्य. २०२२ मध्ये ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जोआना मॉन्क्रिफ आणि सहकाऱ्यांनी जुन्या अभ्यासांचा जो आढावा प्रसिद्ध केला, त्यात सेरोटोनिन कमी झाल्याने नैराश्य येते याला सुसंगत पुरावा आढळला नाही. हे मलाही मान्य आहे. परंतु त्यावरून गोळ्या निकामी ठरतात हा निष्कर्ष आपला आहे, आणि तो इतिहासाला उलटे टांगतो. आयप्रोनियाझिड हे क्षयाचे औषध होते. १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या एका क्षय रुग्णालयात ते घेणारे रोगी अनपेक्षितपणे उल्हसित दिसू लागले. स्वित्झर्लंडमध्ये मानसोपचारतज्ज्ञ रोलँड कून यांनी इमिप्रामिन हे औषध स्किझोफ्रेनियासाठी वापरून पाहिले. तिथे ते फसले, नैराश्यात मात्र उपयोगी पडले, आणि तसे त्यांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध केले. मेंदूतील रसायनांच्या कमतरतेची मांडणी अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ शिल्डक्राउट यांनी केली ती १९६५ मध्ये, म्हणजे औषधे वापरात आल्यावर. (तिच्या पायाचा एक दगड आपल्या सर्पगंधेचाही आहे. मुंबईच्या रुस्तम जाल वकील यांनी १९४९ च्या निबंधातून तिचा रक्तदाबावरील उपयोग पाश्चात्त्य डॉक्टरांपुढे ठेवला. पुढे तिच्यातील रेसरपिन हे मेंदूतील हीच रसायने घटवणारे द्रव्य घेणारे काही रोगी खिन्न झाल्याचे नोंदले गेले.) जे औषध सिद्धांतातून जन्मलेच नाही, ते सिद्धांताबरोबर कसे मरेल?

औषध लागू पडते की नाही, हे चाचण्यांनी ठरते. २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या विश्लेषणात ५२२ चाचण्या आणि २१ औषधे होती, आणि सगळीच औषधे नकली गोळीपेक्षा सरस ठरली. फरक सरासरीने माफक होता आणि बहुतेक चाचण्या काही आठवड्यांच्याच होत्या, हेही मी लपवत नाही.

विचार बदलण्याविषयी आपण जे लिहिले आहे, ते ज्याने हा आजार घरात पाहिला नाही त्याचे लिखाण आहे, असे मला स्पष्ट म्हणावे लागते. माझ्या थोरल्या भावाने अन्नपाणी सोडले होते. समुपदेशकाने विचारांची वही लिहायला सांगितली, तेव्हा त्याला स्वतःचे नावही लिहवेना. त्याला भूल देऊन विजेचे उपचार दिले, मग तो जेवू लागला, बोलू लागला, आणि ती वही त्याने त्यानंतर लिहिली. त्या महिन्यांतले पुष्कळसे त्याला आज आठवत नाही, अगदी पुतण्याचे लग्नसुद्धा. ही किंमत त्याने मोजली आहे आणि तिचा हिशेब मागण्याचा अधिकार त्याचा आहे, आपला नाही.

छळाविषयी एवढेच : भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध यांशिवाय हे उपचार करण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने बंदी आहे. जुन्या चित्रपटांतली दृश्ये पुरावा म्हणून मांडू नयेत.

मॉन्क्रिफ यांच्या त्या आढाव्यात खऱ्या आणि नकली गोळीच्या परिणामाची तुलना कुठे केली आहे, तो उतारा आपण इथे द्यावा. तो मिळाल्यावर पुढचे बोलू.