फळ नाही, झाड निवडा
घरी टोमॅटोचं बी ठेवून आपला वाण तयार करण्यावरचा लेख छान आहे, पण त्यातलं "सगळ्यात मोठ्या टोमॅटोचं बी ठेवा" हे पटलं नाही. एकाच झाडाच्या फळांत फरक पडतो तो बहुतेक खत, पाणी, उन्हामुळे, गुण सगळ्यांत त्याच झाडाचे, त्यामुळे बी ठेवायचं तर अख्खं झाड बघून ठेवा. पुण्यात मी तरी आधी हेच बघते की पावसाळ्यात करपा (पानं करपवणारा रोग) कुठल्या झाडावर कमी आला आणि एप्रिलच्या उन्हात फुलं न गाळता फळ कोण धरतंय, चव त्यानंतर. आणि दोन शुद्ध वाणांचा (ज्यांच्या बियांतून दरवेळी तशीच झाडं येतात) क्रॉस, म्हणजे संकर, केला असेल तर पहिल्या पिढीत सगळी झाडं जवळपास सारखीच येतात, तिथे निराश होऊन सोडू नका प्लीज!! खरी मजा त्या झाडांच्या बियांतून येणाऱ्या दुसऱ्या पिढीत, लाल-पिवळ्याचा क्रॉस असेल तर साधारण 4 पैकी 1 झाडाला पिवळी फळं येतात, म्हणून गच्चीत जागा कमी असली तरी या पिढीला जमतील तितकी जास्त रोपं लावा, कुंड्या लहान चालतील. मग आवडलेल्या झाडाचंच बी धरत 6-8 पिढ्या गेल्या की वाण बऱ्यापैकी स्थिर होतो. लेबलं पेन्सिलने लिहा, मार्कर उन्हात उडतो.