विनयार्ड म्हणजे दारूचा कारखाना नव्हे
नाशिककडे ‘विनयार्ड’ अशी पाटी दिसली की आत दारूच गाळतात, असा एक मेसेज फिरतोय. खुलासा: विनयार्ड म्हणजे द्राक्षबाग, एवढंच. वाइन बनते ती वायनरीत. पुष्कळदा दोन्ही एकाच आवारात असतात, घोळ तिथेच होतो. उच्चारही ‘वाइनयार्ड’ नाही. शब्दाचं मूळ मात्र लॅटिन ‘विनम’, म्हणजे वाइनच. तेवढं मेसेजवाल्याला माफ.

आपल्याकडच्या बहुतेक बागा खायच्या द्राक्षांच्या: थॉम्पसन, सोनाका. तासगावकडे हीच द्राक्षं शेडमध्ये जाळ्यांवर वाळवून बेदाणा करतात. वाइनचं शिराझ द्राक्ष एकदा तोंडात टाकून बघा. बारीक मणी, जाड साल, वर बिया. हातगाडीवर ते किलोभरसुद्धा खपायचं नाही.